सांताराकची पवित्र वेदी

"पळाले! पळाले! तो निळ्या टोपीवाला बघ, एक बूट मागे टाकून पळाला!" निनों आनंदाने किंचाळली.

कड्यावर पालथी पडून तिघं खाली बघत होती. खालच्या हिरव्यागार उतारावर नऊ पर्यटक वाट फुटेल तिकडे उधळले होते. त्यांच्या मागे अडीचशे मेंढ्या आणि मेंढ्यांच्या दोन्ही बाजूंनी भुंकत येणारे दोन पांढरे, केसाळ, वासराएवढे कुत्रे. आणि सगळ्यांत पुढे कोण? या नऊ जणांना डोंगर दाखवायला घेऊन आलेला वाटाड्या, खुद्द कझालेसाहेब!

"वा रे वाटाड्या! गिऱ्हाइकं मागे आणि हा पुढे," पेरीन म्हणाली. "आणि सदऱ्याच्या पाठीवर छापलंय काय? 'निर्धास्त या, मी आहे ना!'"

गास्पारला एवढं हसू आलं की तोंडातला सॉसेजचा तुकडा त्याच्या नाकात जाता जाता राहिला.

पेरीन तेरा वर्षांची. तिची जीभ अशी, की शाळेतले मास्तरही तिला प्रश्न विचारण्याआधी दोनदा विचार करत. गास्पार बारा वर्षांचा, सतत काहीतरी खात असलेला, आणि निनों त्याची दहा वर्षांची बहीण. पेरीन या दोघांची मावसबहीण. सुट्टी लागली की तिघांची रवानगी पिरेनीजच्या या डोंगरात, रेजीनमावशीच्या दगडी खोपटात व्हायची. मावशी मेंढपाळ. उन्हाळाभर ती सांताराक गावाच्या वरच्या कुरणात गावाच्या मेंढ्या राखायची.

खालून मावशीची लांब शीळ ऐकू आली. दोन्ही कुत्रे जागच्या जागी थांबले. नेऊ आणि तुरों त्यांची नावं. पर्यटक मात्र थांबले नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी हातभर लांब पाटी होती, 'कुत्रे दिसले तर थांबा. पळू नका. काठी उगारू नका. कळपाला लांबून वळसा घाला.' चार भाषांत लिहिलेली! पण डोंगरावर येणारी मोठी माणसं पाटीसमोर उभं राहून फोटो काढतात, पाटी वाचत नाहीत. वाचायचं काम बहुधा मेंढ्यांनी करायचं असतं.

तिघं हसत-खिदळत खाली उतरली. मावशी मात्र हसत नव्हती. तिने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि पेरीनच्या हातात दिला.

"वाच. मोठ्याने वाच."

पेरीनने वाचलं. सरपंचबाई मादाम सुलेराक यांच्या सहीचं पत्र होतं. 'आपले कुत्रे पर्यटकांवर वारंवार हल्ले करत असल्याच्या पाच तक्रारी आल्या आहेत. एका महिलेस चावा घेतल्याचेही कळते. शनिवारी अकरा वाजता ग्रामपंचायत प्राचीन वेदीपाशी येत आहे. नव्या फलकाचे उद्घाटन झाल्यावर तेथेच कुत्र्यांबाबत निर्णय होईल. कुत्रे खाली नेण्याच्या तयारीने यावे.'

"म्हणजे नेऊला नेणार?" निनोंचा आवाज एकदम बारीक झाला.

"नेऊ आणि तुरोंला नेलं, तर मीही जाणार," मावशी म्हणाली. "या डोंगरात अस्वलं आहेत, बाळ. कुत्र्यांशिवाय एक रात्रसुद्धा कळप इथे राहू शकत नाही. आणि एकदा मी मेंढ्या खाली नेल्या की पुढच्या वर्षी हे कुरण मला कोण देणार? बावीस वर्षं झाली इथे."

एवढं बोलून ती दूध तापवायला खोपटात गेली. तिचे पाठमोरे खांदे हलत होते. पेरीनने नजर दुसरीकडे वळवली. मावशीला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि आत्ताही पाहायची तिची इच्छा नव्हती.

"प्राचीन वेदी म्हणे!" ती दातओठ खात म्हणाली. "चला रे, जरा या प्राचीन वेदीचं दर्शन घेऊ."

आता ही वेदी म्हणजे काय, ते ऐका. उतारावर सात चपटे, गुळगुळीत दगड होते. पूर्वीचा मेंढपाळ म्हातारा फिर्मां याने ते स्वतः वाहून आणले आणि ओळीने मांडले. कशाला? तर मेंढ्यांना मीठ घालायला! कुरणातल्या मेंढ्यांना अधूनमधून मीठ लागतं. ते गवतात टाकलं तर वाया जातं, म्हणून चपट्या दगडावर टाकायचं. पन्नास वर्षं मेंढ्यांनी चाटून चाटून ते दगड संगमरवरासारखे केले होते. फिर्मां वारला. आणि मागच्या वर्षी कुणीतरी पर्यटक कझालेसाहेबांना म्हणाला, "अरे वा, ही वेदी आहे का हो?"

झालं! कझालेसाहेब म्हणजे गावचे उपसरपंच. शिवाय 'डोंगरानंद सहली'चे मालक. गाढवांबरोबर योगासनं, तारेवरून दरी ओलांडणं, धबधब्यात उतरणं असले सगळे उद्योग त्यांचेच. महिनाभरात रंगीत माहितीपत्रक निघालं. 'पाच हजार वर्षांपूर्वीची पवित्र वेदी! असंख्य भक्तांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेल्या शिळा!' मावशी पंचायतीत जाऊन सांगून आली, की अहो, ते मिठाचे दगड आहेत. सरपंचबाई गालात हसल्या आणि म्हणाल्या, "रेजीन, तू मेंढ्यांतलं बघ. इतिहास आम्हाला कळतो." आणि वर हुकूम निघाला, की आजपासून वेदीवर मीठ टाकायचं नाही. मावशीने तोही पाळला. जूनपासून ती मीठ खोपटाजवळ, वेगळ्या दगडांवर घालत होती.

तिघं वेदीपाशी पोचली. तिथे एक बूट, अर्धं सँडविच आणि एक उन्हाची छत्री पडली होती. गास्पारने सँडविचकडे पाहिलं.

"हात लावू नकोस!" पेरीन ओरडली.

"बघत होतो फक्त," गास्पार म्हणाला. "पण मला एक कळत नाही. ऊन चढलं की मेंढ्या ओढ्याकाठाने सावलीला उतरतात. रोजच. मग आज इकडे कशाला आल्या?"

"आजच नाही," निनों म्हणाली. "मागच्या शुक्रवारी पण आल्या होत्या. आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी. तेव्हा त्या जाड्या बाई पडल्या ना!"

"मंगळवार, शुक्रवार," पेरीन हळूच म्हणाली. "आणि कझालेसाहेबांची वेदीची सहल कोणत्या वारी असते?"

"मंगळवार, शुक्रवार!" दोघं एकदम म्हणाली.

 मेंढ्यांना वार कळत नाहीत. मेंढ्यांना फार काही कळत नाही, पण जे कळतं ते पक्कं कळतं. एवढ्यात निनों खाली वाकली आणि तिने सरळ जीभ काढून वेदी चाटली.

"शी! निनों! त्यावर लोक बसतात!"

"खारट आहे," निनों तोंड वाकडं करत म्हणाली. "चांगली खारट आहे."

"जुनं मीठ असेल," गास्पार म्हणाला.

"जुनं? रविवारी गारा पडल्या तेव्हा तू कुठे होतास? आपलं अंगण वाहून गेलं, मीठ कुठलं टिकतंय!" पेरीन गुडघ्यांवर बसली आणि दगडांच्या फटीत बोट घालू लागली. बोटाला ओलसर मीठ लागलं आणि मिठाबरोबर काळे, खरखरीत खडे. "मावशीच्या मिठात असे खडे असतात का?"

"छे! मावशीचं मीठ पांढरं, मोठाल्या ढेकळांचं. मी रोज खातो," गास्पारने कबुली दिली.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम इथे मीठ टाकत होतं. मेंढ्या मिठासाठी येत होत्या, आणि मेंढ्यांमागे कुत्रे येणारच. ते तर त्यांचं कामच! पण मीठ टाकणारा कोण? संशय कुणावर होता ते सांगायला नको. पण संशयाने काय होतं? पुरावा हवा.

शुक्रवारी सकाळी आठच्या आधीच तिघं वेदीच्या वरच्या झुडपात दडून बसली. गास्पारने चीज आणि अर्धी पावाची लादी आणली होती. त्याच्या मते उपाशीपोटी पाळत ठेवणं हा गुन्हा होता.

"चावू नकोस एवढ्या जोरात! खालच्या खोऱ्यात ऐकू जाईल," पेरीन कुजबुजली.

"मग मऊ पाव आणायला सांगायचं होतंस."

"गप्प! आली!"

फट्-फट्-फट् करत चार जाड चाकांची एक फटफटी डोंगर चढून वर आली. तिच्यावर कझालेसाहेब! उतरले, कंबर धरून आळोखेपिळोखे दिले, इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या पेटीतून हिरवी पिशवी काढली. मग कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं त्यांनी सातही दगडांवर मीठ फेकलं. मुठी भरभरून! वर स्वतःशीच गात होते. गाणं इतकं बेसूर होतं की निनोंने कान झाकले. पाच मिनिटांत साहेब परत खाली.

"चोर!" गास्पार म्हणाला.

"चोर बरा, त्याला निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं," पेरीन म्हणाली. "पण कशासाठी करतोय हा? याला मेंढ्या कशाला हव्यात?"

उत्तर अकरा वाजता मिळालं. पर्यटक वेदीभोवती बसले. कझालेसाहेबांनी दोन्ही हात आकाशाकडे उचलले. त्यांचा आवाज झुडपापर्यंत स्पष्ट येत होता.

"मित्रांनो, या शिळांमध्ये शक्ती आहे! माणसाला जाणवत नाही, पण मुक्या जनावरांना जाणवते. शांत राहा. बघा, ती आपोआप येतील!"

आणि खरंच वरून घंटांचा आवाज आला. बायका "ओहो!" म्हणाल्या. कुणी डोळे पुसले. मग मेंढ्यांनी धडक मारली, एकीने एका बाईच्या मांडीवरून उडी घेतली, तुरों भुंकत आला आणि शक्तीचे उपासक पुन्हा टेकडीखाली धावले.

"म्हणून याला कुत्रे नको आहेत," पेरीन म्हणाली. तिचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता. "मेंढ्या याला तमाशाला हव्यात आणि कुत्रे तमाशा मोडतात! त्या पाच तक्रारी, याच्याच उपद्व्यापाच्या. आणि शिक्षा मावशीला!"

दुपारी तिघं धावत गावात गेली आणि थेट सरपंचबाईंच्या खोलीत शिरली. मादाम सुलेराक उद्याच्या भाषणाला रंगीत पेन्सिलीने खुणा करत होत्या.

"मादाम, वेदीवर मीठ टाकतात! कझालेसाहेब स्वतः टाकतात! आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

"काय टाकतात?"

"मीठ! म्हणून मेंढ्या येतात. म्हणून कुत्रे येतात. कुत्र्यांचा काही दोष नाही!"

सरपंचबाईंनी चष्मा खाली घेतला. मोठी माणसं लहानांकडे बघताना जे मधाळ, पोकळ हसू हसतात, ते त्या हसल्या.

"किती छान कल्पना आहे तुमची! मावशीवर प्रेम आहे ना? असावं. पण बाळांनो, कझालेसाहेब उपसरपंच आहेत. ते कशाला मीठ टाकतील? सुट्टी आहे, ऊन आहे. जा, तळ्यावर पोहायला जा."

"पण मादाम, तुम्ही एकदा तो दगड चाटून बघा!" निनों म्हणाली.

सरपंचबाईंनी दार दाखवलं.

"गाढवापुढे वाचली गीता!" पेरीन अंगणात येऊन पाय आपटत म्हणाली. "दगड चाटायला यांना वेळ नाही, आणि मावशीला डोंगरावरून हाकलायला आहे!"

 गास्पार पंचायतीच्या मागच्या भिंतीला टेकला होता आणि खिशातलं बिस्कीट काढत होता. टेकला होता ती भिंत नव्हती, एक मोठी पिवळी पेटी होती. तिच्या झाकणाच्या कडेला काहीतरी सांडलेलं दिसलं. त्याने बोट लावलं.

"पेरीन! इकडे ये! काळे खडे! मीठ आणि काळे खडे!"

गावचा झाडूवाला, गटारवाला, दिवेवाला, सगळं एकच असलेला आल्बां तिथे हातगाडीवर बसून डुलक्या घेत होता. त्याने एक डोळा उघडला.

"ए, पेटीला हात लावू नका. हिवाळ्यातलं रस्त्याचं मीठ आहे ते. बर्फ पडला की रस्त्यावर टाकतो. गाड्या घसरू नयेत म्हणून त्यात खडी मिसळतो."

"हे मेंढ्यांनी खाल्लं तर?"

"मेंढ्यांनी? वेडी का खुळी! दात जातील, पोटं बिघडतील. चाऱ्याचं मीठ वेगळं."

तिघांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. आठवडाभर मावशीच्या दोन मेंढ्या पोटाने आजारी होत्या.

"पेटीची किल्ली कुणाकडे असते, आल्बांकाका?"

"माझ्याकडे. म्हणजे, कझालेसाहेबांनी नेलीय. जूनपासून. आत काहीतरी अवजार राहिलंय म्हणाले." आल्बांने जांभई दिली. "मला काय, बर्फ डिसेंबरात पडतो."

जूनमध्ये बर्फाच्या मिठाची किल्ली मागून नेतो, आणि हा विचारत नाही कशाला! गावाचा कारभार असा चालतो बरं का, आणि म्हणे मुलांना काही कळत नाही.

"आता उद्या आपणच दाखवायचं," पेरीन म्हणाली. "सांगून ज्यांना कळत नाही, त्यांना दाखवूनच कळतं. मेंढ्यांचंही तसंच असतं. त्या बिचाऱ्या निदान भाषण करत नाहीत."

शनिवारी सकाळी आठ वाजता कझालेसाहेब मुलांच्या अंदाजाप्रमाणे आले. आज फटफटीला मागे छोटी गाडी जोडली होती. त्यांनी वेदीपासून तीस पावलांवर लांबलचक टेबल मांडलं, त्यावर पांढरीशुभ्र चादर घातली. उद्घाटन म्हटलं की भाषण आलं आणि भाषण म्हटलं की वाईन आलीच. त्याशिवाय सांताराकमध्ये नळालासुद्धा पाणी येत नाही. टेबलाशेजारी भाषणासाठी छोटा चौथरा होता आणि नवा लाकडी फलक कापडात गुंडाळून उभा होता. मग हिरवी पिशवी निघाली, वेदीवर मीठ पडलं आणि साहेब पाहुण्यांना आणायला खाली गेले.

"चला!" पेरीनने झुडपातून उडी मारली.

निनोंने झुडपाच्या फांद्यांचा झाडू करून दगडांवरचं मीठ झाडून काढलं आणि खड्यांसकट एका पिशवीत भरलं. गास्पार झऱ्यावरून पाण्याच्या बादल्या आणत होता. अकरा बादल्या! प्रत्येक बादलीला तो म्हणत होता, "पाच हजार वर्षांत एवढी आंघोळ वेदीला कुणी घातली नसेल."

"आता हेच मीठ टेबलावर टाकायचं ना?" दगड लख्ख झाल्यावर त्याने विचारलं.

"मुळीच नाही!" निनों पिशवी छातीशी धरून म्हणाली. "हे घाण आहे. मेंढ्या आजारी पडतील. मावशीचं मीठ आणलंय मी."

पेरीनने तिच्या पाठीवर थाप मारली. हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. मग चादर उचलून त्यांनी मावशीचं पांढरं मीठ टेबलाच्या फळ्यांवर पसरलं आणि चादर पुन्हा नीट घातली. फलकाच्या पायांना आणि गुंडाळलेल्या कापडाला मिठाचं पाणी चोपडलं. उरलेलं मीठ गास्पारने साहेबांच्या भाषणाच्या चौथऱ्याभोवती शिंपलं, "थोडं साहेबांनाही," म्हणत.

अकरा वाजता सगळे जमले. कझालेसाहेबांसकट पंचायतीचे सात सदस्य, तीसेक पर्यटक, बाटल्यांचे खोके वाहून घामाघूम झालेला आल्बां आणि छातीवर पदाचा निळा-पांढरा-लाल पट्टा घातलेल्या सरपंचबाई. मागे, सगळ्यांपासून दूर, मावशी उभी होती. तिच्या हातात दोन दोऱ्या होत्या. पेरीनने त्या पाहिल्या आणि मान फिरवली.

कझालेसाहेब चौथऱ्यावर चढले.

"मित्रांनो! पाच हजार वर्षं! पाच हजार वर्षं या शिळा मुक्या जनावरांना हाक मारत आहेत! शांत राहा. आता तुम्ही स्वतःच पाहाल!"

वरून घंटा वाजल्या. मेंढ्या आल्या. कॅमेरे वर झाले. पुढची म्हातारी मेंढी वेदीपाशी गेली, तिने पहिला दगड हुंगला, दुसरा हुंगला, मान झटकली आणि पुढे चालू लागली.

"शक्ती संपली वाटतं," गास्पार मोठ्याने म्हणाला.

म्हातारी मेंढी टेबलापाशी थांबली. चादरीचं टोक तिने तोंडात धरलं आणि ओढलं. खळ्ळ! बाटल्या खाली, ग्लास खाली, खारवलेल्या मांसाचं, हॅमचं ताट गवतात! अडीचशे मेंढ्यांनी टेबलाला वेढा घातला. दहाबारा मेंढ्या फलकाला भिडल्या, त्याचं कापड फाडून काढलं आणि पाच हजार वर्षांचा इतिहास पायाकडून चाटायला लागल्या. चौघीजणींनी चौथऱ्याचा ताबा घेतला. साहेब एका पायावर नाचत ओरडू लागले, "हाकला! हाकला यांना!"

आणि मग नेऊ आणि तुरों भुंकत आले. लोकांनी पळायला पाय उचलला.

"थांबा!" पेरीन अशी ओरडली की समोरच्या कड्यावरून तिचा आवाज परत आला. "कुणी पळायचं नाही! काठ्या खाली! जागच्या जागी उभे राहा! पाटी वाचता येत नाही, निदान ऐकता तरी येतं ना?"

बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्या मोठ्या माणसांनी लहान मुलीचं ऐकलं. सगळे खिळल्यासारखे उभे राहिले. पळाले फक्त एकच, कझालेसाहेब. आणि तेही थोडंच. मेंढ्यांच्या गर्दीत अडखळून ते हॅमवर पडले.

नेऊ आला, दोनदा भुंकला. त्याने सरपंचबाईंचा हात हुंगला, एका म्हाताऱ्याचे बूट हुंगले आणि कुणी काही करत नाही असं पाहून मेंढ्यांच्या कडेला जाऊन आडवा झाला. तुरों त्याच्या शेजारी.  एवढे भयंकर हल्लेखोर कुत्रे, आणि जांभया देत होते!

"हा काय प्रकार आहे?" सरपंचबाईंनी विचारलं. त्यांच्या पट्ट्याचं टोक एक कोकरू चघळत होतं.

"शक्ती आज टेबलात गेलीय, मादाम," पेरीन म्हणाली. "कारण आज आम्ही वेदी धुतली आणि टेबलावर मीठ टाकलं. एरवी कझालेसाहेब वेदीवर टाकतात. काल हेच सांगायला आलो होतो. तुम्ही आम्हाला पोहायला पाठवलंत."

"खोटं! साफ खोटं!" साहेब हॅममधून उठत ओरडले. "या पोरांच्या मावशीनेच टाकलं असणार!"

निनोंने पिशवी उघडली आणि खड्यांचं मीठ सरपंचबाईंच्या बुटांपाशी ओतलं. आल्बां पुढे आला, वाकला आणि एकदम जागा झाला.

"अहो, हे तर आपलं रस्त्याचं मीठ! काळी खडी मी स्वतः मिसळलीय! आणि पेटीची किल्ली..." तो साहेबांकडे वळला. "किल्ली तुमच्याकडे आहे की!"

"आणि हे खाऊन मावशीच्या दोन मेंढ्या आजारी आहेत," निनों म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती मागे हटली नाही.

साहेबांनी सदऱ्याला लागलेलं हॅम झटकलं.  फटफटीची गाडीही तशीच टाकून ते खाली निघाले.

"पण चावल्याचं काय?" एक सदस्य म्हणाला. "कुत्रा चावलाय. मादाम व्हेर्दिए, तुमचीच तक्रार आहे ना?"

कोपराला पट्टी बांधलेल्या एक जाड्या बाई लाजत पुढे आल्या.

"चावला नव्हता हो," त्या पुटपुटल्या. "मी पळताना पडले. कोपर खरचटलं. कझालेसाहेबांनी कागद लिहून आणला, मी सही केली. वाचला नव्हता."

"वाचला नव्हता!" पेरीनला राहवलं नाही. "तुम्ही सही केलीत, यांनी शिक्का मारला आणि एकाही माणसाने वर येऊन कुत्र्याच्या तोंडाकडे बघितलं नाही! माझ्या मावशीचं बावीस वर्षांचं घर जाणार होतं. वाचला नव्हता म्हणे!"

तिला वाटलं आता कुणीतरी ओरडणार. पण सरपंचबाईंनी कोकराच्या तोंडातून पट्टा सोडवला आणि सदस्यांकडे पाहिलं. सातांपैकी सहा हात, कुत्रे राहावेत म्हणून वर गेले. सातवा हात टेकडीखाली पळत होता.

"शाबास, मुलांनो!" सरपंचबाई पुन्हा तेच मधाळ हसू आणत म्हणाल्या. "तुमच्यासारख्या हुशार मुलांचा सांताराकला अभिमान आहे! सांगा, बक्षीस काय हवं? तारेवरून दरी ओलांडायची? फुकट!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आल्बांने तर शिट्टीही वाजवली. गास्पारचा चेहरा क्षणभर फुलला, पण पेरीनने त्याचा पाय दाबला.

"आम्हाला काही नको," ती म्हणाली. "मावशीची माफी मागा. इथेच, सगळ्यांसमोर. आणि भाषण नको."

सरपंचबाईंचं हसू मावळलं. त्या गवतातून, फुटक्या ग्लासांवरून, मेंढ्यांमधून वाट काढत मावशीपर्यंत गेल्या.

"रेजीन," त्या म्हणाल्या, "तू वसंतात येऊन सांगितलं होतंस, की हे मिठाचे दगड आहेत. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. मला माफ कर."

मावशीने हातातल्या दोऱ्या गुंडाळल्या. सावकाश गुंडाळल्या, खिशात ठेवल्या.

"बरं," ती म्हणाली. "आता सगळे खाली जा. काचा उचलून न्या. माझ्या मेंढ्यांची सावलीत बसायची वेळ झाली."

माणसं निघाली. मुकाट, एकामागून एक, काठ्या खाली धरून, आणि या वेळी कळपाला लांबून वळसा घालून. मुलंही मान खाली घालून निघाली. इतका गोंधळ घातल्यावर आता आपलीही खरडपट्टी निघणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"ए!" मागून मावशीची हाक आली. "तुम्ही तिघं कुठे चाललात? तुम्ही माझी माणसं. तुम्ही थांबा."